टाचेचा आवाज

मीठ कसं बघायचं ते मला कुणी शिकवायला नको. पेणच्या खाडीकाठी आमच्या तीन पिढ्या मिठागरात राबल्या. वाफ्यातला चिखल पायांनी तुडवून तुडवून टणक करायचा, मग त्यात खाडीचं पाणी घ्यायचं, हे मी मिसरूड फुटायच्या आधीपासून केलंय. जमीन तयार झाली की नाही ते टाच मारून कळतं. भद् वाजली तर अजून कच्ची. ठक् वाजली तर खुशाल बैलगाडी घाला. माझा बाप टाच मारायचा तेव्हा अख्खं मिठागर त्याच्या तोंडाकडे बघत उभं राहायचं. तोच रुबाब मी कुवेतला घेऊन आलो, आणि तोच नडला.

मी हरिश्चंद्र म्हात्रे. एकोणतीस वर्षं बू फैसलकडे, म्हणजे फैसलच्या बापाकडे, मुकादम आहे. दक्षिणेला, मोठ्या रस्त्यापासून बरंच आत, वाळवंटात त्याचं मिठाचं तळं आहे. हिवाळ्यात पाऊस पडला की त्यात वीतभर पाणी साचतं, खालूनही खारं पाणी वर येतं, आणि मे सरेपर्यंत सगळं आटून पांढरा थर उरतो. बू फैसलचा आजा ते मीठ उंटांवर लादून बंदरावर न्यायचा, मासे खारवणाऱ्यांना विकायला. आता म्हातारा अंथरुणाला खिळलाय आणि कारभार त्याच्या पोराकडे, फैसलकडे आहे. तो शहरातल्या राई भागातल्या गोदामात तेच मीठ छोट्या पिशव्यांत भरतो. पिशवीवर उंटाचं चित्र आहे. खऱ्या उंटाला फैसल घाबरतो. जमीन सरकारी आहे आणि मीठ काढायचा परवाना आजापासून पणतूपर्यंत कुणीच काढलेला नाही.

कासम हा आमचा ड्रायव्हर, खाडीपलीकडच्या गावचा. त्याला इथे मीच आणला, अकरा वर्षांपूर्वी. फरवानियात आम्ही दोघं एका खोलीत राहायचो. तो मासे तळायचा, मी भांडी घासायचो. माझ्यापेक्षा सतरा वर्षांनी लहान, पण चिडवायला पुढे.

"हरीदादा खोटं बोलायचा नाय. बोलला तर बारसं परत करावं लागंल."

जानेवारीत, एका गुरुवारी सकाळी फैसलचा निरोप आला की तळ्याच्या उत्तरेला राहिलेला डिझेल पंप आजच उचलून आणा, उद्या पाऊस सांगितलाय. पंप काठापासून दोनशे पावलांवर होता. वर पांढरी, कोरडी साय धरलेली. कासम हाफ-लॉरी घेऊन काठावर थांबला आणि काचेतून डोकं काढून मला म्हणाला, "दादा, टाच मारून बघ."

मी मारली. तीन ठिकाणी मारली. तिन्ही ठिकाणी ठक् वाजली. सगळं अंतर चालून बघावं असं एकदा मनात आलं होतं. पण गार वारा सुटला होता, गुडघा दुखत होता, आणि मला स्वतःचा फार भरवसा होता. मी म्हणालो, "जा."

आमच्या मिठागरात टणक जमिनीच्या खाली टणकच जमीन असते, कारण ती आमच्याच पायांनी तुडवलेली असते. इथली जमीन कुणी तुडवली होती? आजाच्या काळात मिठाच्या लाद्या कापायला लोकांनी उत्तरेला पुरुषभर खोल खड्डे खणले होते. ते खाऱ्या गाळाने भरले आणि वर कवच धरलं. ते कवचही ठकच वाजतं. हे मला एकोणतीस वर्षांत माहीत नव्हतं, कारण एकोणतीस वर्षांत मी कुणाला विचारलंच नव्हतं.

गाडी पंपाच्या थोडी अलीकडे तोंडावर पडली. मोठा आवाजही झाला नाही. मी धावत पोहोचेपर्यंत मागची चाकं तेवढी वर होती आणि दारं गाळाखाली. मी हातांनी गाळ उपसला. जितका उपसला तितका परत भरला. कासमची हाक वगैरे काही आली नाही. आली असती तर मी वेडा झालो असतो, आणि आली नाही म्हणून आजही झोप येत नाही.

फैसल दुपारी आला. खड्डा बघितला, माझ्याकडे बघितलं.

"किसने बोला जाओ? तुम बोला. मैं नहीं बोला. पुलिस आएगा तो तुम जेल."

मग त्याने खोदाईचं मशीन मागवलं, मशीनच्या ड्रायव्हरला परत पाठवून दिलं आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतः काम केलं. चाकं आत दाबली, वर वाळू ओढली. मी काठावर उभा होतो. नंतर त्या जागेभोवती त्याने लाल झेंडे लावले. बैल गेला आणि झोपा केला म्हणतात, तसे ते झेंडे.

इथे कामगार पळाला की मालक सरकारदरबारी तशी नोंद करतो. फैसलने केली. कासम गाडी चोरून पळाला. मेलेल्या माणसाला पळपुटाही केलं आणि चोरही. गावी बातमी पोहोचायला दोन दिवस लागले. कुणी म्हणालं, सौदीत गेला. कुणी त्याला एक बाईही जोडून दिली.

आणि मी मूग गिळून बसलो. मी भ्यालो, दुसरं काही कारण नाही. सांगायचं तर आधी "मी जा म्हणालो" हे सांगावं लागणार होतं.

कासमची बायको सफिया मला दर शुक्रवारी फोन करायची. पूर्वी ती त्याच्या फोनवर बोलायची आणि शेवटी मला सलाम सांगायची, आता मलाच करायची.

"काय खबर, दादा?"

"नाय बाय, काय नाय."

मग ती विचारायची, "तल्यात पानी हाय अजून?"

"हाय."

पुढच्या शुक्रवारी, "पानी उतरलं काय?" एप्रिलमध्ये, "मीठ धरलं काय?" मला वाटायचं, खाडीकाठची बाई आहे, बोलायला काही नाही म्हणून पाण्याचं विचारते. ती घराबाहेर पडत नाही हे दुसऱ्यांकडून कळलं होतं. बाजार दीर आणून देतो, लग्नकार्यालाही जात नाही. मला वाटलं, लोकांच्या तोंडांना कंटाळली. मे संपता संपता एकदा म्हणाली, "आज बाजारात गेलेले." मी म्हणालो, "बरं झालं." केवढा शहाणा मी!

जून लागेपर्यंत तळं आटलं. चार बांगलादेशी मजूर आले. पहाटे चारला कामाला लागायचं आणि ऊन चढायच्या आत उरकायचं. या वर्षी फैसलने स्वतःच जागा दाखवली. झेंडे उपटून फेकले.

"इधर से शुरू करो. इधर नमक मोटा है."

मोटं होतंच. हलवलेल्या, वाळू टाकलेल्या जागेवर थर जाड आला होता, पांढराशुभ्र. मी पोहोचलो तेव्हा मजुरांनी दोन पोती भरली होती. त्यांचा काय दोष, त्यांना ते मीठ होतं. मी पोत्यांची तोंडं सोडली आणि सगळं मीठ परत तिथेच ओतलं. हातांनी पसरलं, सारखं केलं. मग मजुरांना म्हटलं, इथे फावडं लावायचं नाही.

फैसल ओरडत आला. वेडा झालास, तिकीट काढून घरी पाठवतो, काय काय बोलला. खाल्ल्या मिठाला जागावं अशी आमच्याकडे म्हण आहे. कुणाच्या मिठाला, हे म्हणीत सांगितलेलं नाही. मी त्याच्या अंगावर गेलो नाही, शिवीही दिली नाही. फावडं खाली टाकलं आणि चालायला लागलो.

मोठ्या रस्त्यावर पाण्याच्या टँकरवाल्याने घेतलं, पुढे बस. फरवानियात उतरलो तेव्हा अकरा वाजले होते. पायांना मीठ लागलेलं होतं, तसाच पोलीस ठाण्यासमोर आलो. आत जाण्याआधी तिला सांगायला हवं, परक्याच्या तोंडून तिला कळायला नको, एवढं मी ठरवलं होतं. भिंतीच्या चिंचोळ्या सावलीत उभा राहून फोन लावला. शुक्रवार नव्हता, तरी पहिल्याच घंटीला तिने उचलला.

"सफियाबाय, कासम पलालेला नाय."

मग मी सगळं सांगितलं. पंप, टाच, खड्डा, वाळू. संपल्यावर ती म्हणाली,

"मना ठाव हाय."

"काय ठाव हाय?"

"त्या सकाली त्यांचा फोन आयलेला. गाडीतूनच. मी बोलले, पावसाचं दिस हायत, तल्यात नको जाव. तर हसले. बोलले, हरीदादान टाच मारलीय, आता काय काल्जी नाय. दुपारी करतो बोलले."

भिंत तापलेली होती, तिला टेकवतही नव्हतं.

"दुपारी नाय आयला. रातच्याला नाय आयला. शुकरवारी तुमचा आवाज ऐकला आन् समजले. त्याच दिशी इद्दतीला बसले, नवरा मेल्यावर बाई घरात बसते तशी. चार महिने धा दिस. कुनाला सांगितलं नाय. पोरांना पन नाय. घरात मी रांडाव, बाहेर पलपुट्याची बायको."

"मग मना का नाय बोललीस? इतकं शुकरवार?"

"तुमी फोन उचलायचं बंद केलं असतं." तिचा आवाज चढला नाही. "तुमच्याशिवाय तिथं कोन हाय, दादा? मय्यत दाखवनारा एकच मानूस. त्याला पन घालवू?"

म्हणजे ती पाण्याचं विचारत नव्हती. तळं कधी आटेल, माणूस कधी काढता येईल, ते विचारत होती. आणि मी तिला दर शुक्रवारी पाण्याचा हिशोब देत होतो. मला स्वतःची इतकी किळस कधी आली नव्हती.

"मी ठान्यासमोरच उभा हाय," मी म्हणालो. "आता जातो आत. सगलं सांगतो. त्याला काढायला लावतो, बाय. शपथ."

"शपथ नको."

"मग?"

"फोन बंद करू नका. खिशात ठेवा. तुमी बोलाल ते मना ऐकूद्या."

कासम म्हणायचा, हरीदादा खोटं बोलायचा नाय. मी फोन तसाच चालू शर्टाच्या खिशात ठेवला आणि आत गेलो. टेबलामागच्या पोलिसाने माझ्या पांढऱ्या पायांकडे बघून विचारलं, काय हवंय. मोडक्या अरबीत मी म्हणालो, माझा माणूस मेलाय, मी त्याला पाठवला होता, कुठे आहे ते मी दाखवतो. त्याने पेन उचललं आणि नाव विचारलं.

नाव सांगायच्या आधी मी खाली मान घातली आणि तेच सगळं खिशाकडे बघून आपल्या बोलीत पुन्हा एकदा म्हटलं.