वर्ताळ्याच्या दोन रात्री

मी बोलतोय, महिपत धनावड्यांच्या पाकिटातलं हॉटेलचं कार्ड. एटीएमचं कार्ड वेगळं. ते माझ्या वरच्या कप्प्यात राहायचं, आणि आपल्या जिवावर किती रुपये निघतात हे त्याला पैशापर्यंत ठाऊक असल्यामुळे सदा तोऱ्यात असायचं. माझ्या नावावर रुपये नाहीत, पॉइंट आहेत. एका पॉइंटचे किती रुपये, असं कुणी विचारलं की मी आजही गप्प बसतो. लाजून नव्हे हो, मला खरंच माहीत नाही.

जन्म माझा राजकोटचा. महिपतशेठचा मीरा रोडला, हाटकेशमध्ये, बिजागऱ्या बनवायचा छोटा गाळा आहे. दाराच्या, खिडकीच्या, सगळ्या मापांच्या. ऑर्डरी घ्यायला ते राजकोट, जयपूर, अलीगढ असे फिरतात. उतरायचं नेहमी स्टेशनजवळच्या लॉजवर, जिथे खाटेला खाट लागलेली असते. पण त्या दिवशी कुणाची तरी वरात उतरल्यामुळे लॉज भरलेला, आणि नाइलाजाने शेठ काचेच्या दारांच्या मोठ्या हॉटेलात शिरले. पैसे भरताना काउंटरवरच्या मुलीने मला पुढे केलं.

"मेंबरशिप है सर. हर स्टे पे पॉइंट मिलेंगे, बाद में फ्री नाइट."

"फीस कितनी?"

"फ्री है सर."

"तो दो दे दो," शेठ म्हणाले. मुलगी हसली आणि एकच दिलं. तोच मी.

घरी आल्यावर त्यांनी मला मंदाबाईंना दाखवलं. पॉइंट म्हणजे काय ते कळल्यावर मंदाबाई म्हणाल्या, "म्हणजे वर्ताळाच की! भाजीवाली जुडी दिल्यावर वर चार काड्या टाकते, तसा."

"अगदी तसाच."

"मग तो माझा. धंदा तुमचा, वर्ताळा घरचा. तुमच्या आईंनी लग्नात मला पहिलं हेच शिकवलं."

शेठ खूश होते, म्हणाले, "तुझाच. कुठे जायचं सांग."

मंदाबाईंना गाडी लागते. गावी संगमेश्वरला जाताना पेणच्या पुढे त्यांचा चेहरा लिंबासारखा होतो. त्यामुळे शेठबरोबर त्या कुठे फिरल्याच नव्हत्या. त्यांनी थोडा विचार केला. "कुठे ते नंतर बघू. पण हॉटेलात दोन रात्री. पहिली रात्र आपण कुठे आहोत ते कळायला जाते, दुसरी झोपायला."

ठरलं. दोन रात्री, मंदाबाईंच्या. हे मी माझ्या कानांनी ऐकलंय.

तेवढे पॉइंट जमायला काही वर्षं गेली. लॉज सुटला आणि शेठ वर्ताळ्याच्या नादाने मोठ्या हॉटेलात उतरू लागले. एका रात्रीला दहा हजार पॉइंट लागायचे. वीस हजार जमले तेव्हा मला वाटलं, आता आपली पाठवणी. पण तिथेच सगळा घोळ सुरू झाला.

घोळ असा, की पॉइंट तेवढेच लागतात, पण खोलीचा रोख भाव रोज बदलतो. लग्नसराईत तीच खोली दहा हजारांना, म्हणजे माझा एक पॉइंट रुपयाला पडला. आडदिवशी तीच खोली अडीच हजारांना, म्हणजे पॉइंट पडला चार आण्यांना. सकाळी मी रुपया, संध्याकाळी पावली! असं ज्याचं होत असेल त्याने स्वतःबद्दल काय मत बनवायचं, तुम्हीच सांगा.

शेठ आयुष्यात एक गोष्ट शिकलेले, तीही ठेच खाऊन: स्वस्तात माल काढायचा नाही. एकदा पितळ उतरलेलं असताना घाबरून विकलं आणि महिन्याभरात भाव असा चढला, की आठ दिवस त्यांना जेवण गेलं नाही. त्यानंतर ते धरून बसायला शिकले. भाईंदरचा चंदनभाई, पितळेचा व्यापारी, त्याने त्यात तेल ओतलं. "सेठ, पॉइंट भी माल है. मंदी में थोड़ी निकालते हैं? तेजी आने दो."

शेजारचे यतीनभाऊ विम्याच्या ऑफिसात. ते म्हणाले, "रुपयाच्या खाली हात लावायचा नाही, महिपतभाऊ."

मग शेठ कुठेही गेले की काउंटरवर मला अर्धवट बाहेर काढून विचारायचे, "आज कॅश में क्या है?" भाव कमी निघाला की मला आत ढकलायचे आणि रोख द्यायचे. जयपूरला एकदा भाव आकाशाला भिडला. शेठ एवढे आनंदले, की मला काउंटरवर आपटलंच. काउंटरवाला म्हणाला, "सॉरी सर, आज पॉइंटवाले रूम खत्म." म्हणजे जेव्हा मला किंमत येते तेव्हा मी चालत नाही आणि चालतो तेव्हा किंमत नाही. त्या दिवशी शेठ पलंगावर बसून मला उलटसुलट करून बघत होते. मीही त्यांच्याकडे बघत होतो. दोघांनाही काही कळलं नाही.

घरी पोचलं की मंदाबाईंचा टोमणा तयार. "काय, पिकले का पॉइंट?"

"अजून कच्चे आहेत."

"बघा हं. अढीतला आंबा रोज चाचपला तरी नासतो आणि विसरला तरी नासतो."

अशात समिधाचं, म्हणजे त्यांच्या मुलीचं, लग्न ठरलं. मुलगा साईराज, कराडचा. लग्न भाईंदरच्या हॉलमध्ये. व्याह्यांची चार मोठी माणसं आदल्या दिवशी येणार, त्यांना दोन खोल्या हव्यात. शेठनी माझ्या कंपनीच्या जवळच्या हॉटेलात चौकशी केली. ऐन लग्नसराई, खोली दहा हजार, आणि पॉइंटच्या दोन खोल्या शिल्लकही होत्या.

यतीनभाऊ चहाला आले होते, ते खुर्चीतून उठलेच. "भाऊ, हाच तो दिवस! रुपयाला रुपया. व्याह्यांना पॉइंटवर उतरवा. वहिनींना नंतर आडदिवशी रोखीने न्या, दोन रात्रींचे पाच हजार होतील. सरळ पंधरा हजार वाचले!"

शेठचे डोळे चमकले. माझेही चमकले असते. रुपयाच्या भावाने खपणं म्हणजे आमच्या जातीत सोनं होणं.

मंदाबाई रुखवताच्या वाट्या पुसत होत्या. त्या म्हणाल्या, "व्याह्यांना वर्ताळ्यात झोपवणार?"

"अगं, त्यांना कोण सांगतंय?"

"बरं, ते राहू दे. हिशेब अगदी बरोबर आहे. फक्त यतीनभाऊजी, एक सांगा, हे मला रोखीने कधी नेतील? तारीख बोला."

यतीनभाऊ कपात बघू लागले.

"नेईन की!" शेठ म्हणाले.

"तुम्ही? अहो, उत्तनच्या किनाऱ्यावर गेलो होतो तेव्हा एका शहाळ्यात दोन स्ट्रॉ मागितल्यात." समिधा आतल्या खोलीत फिस्सकन हसली. मंदाबाई हसल्या नाहीत. वाटी पुसत म्हणाल्या, "मी दोष देत नाहीये. गाळ्यासाठी हात सुटतो, पोरीसाठी सुटतो. माझ्यासाठी रोख सुटणार नाही, आणि मी मागणारही नाही. हे पॉइंट होते म्हणून मला आशा होती. फुकटचे होते ना."

शेठ उठले. एरवी अलीगढच्या दलालांना गप्प बसवणारा माणूस! ते गॅलरीत जाऊन उभे राहिले. मी त्यांच्या मागच्या खिशात. यतीनभाऊंचा हिशेब खरा होता, मंदाबाईंचं म्हणणंही खरं होतं, आणि दोन्ही एकाच वेळी खरं कसं, हे आम्हा दोघांनाही उमगेना.

दुसऱ्या दिवशी शेठनी हॉटेलात जाऊन व्याह्यांच्या खोल्यांचे पैसे भरले. मला हात लावला नाही. वरच्या कप्प्यातल्या एटीएमच्या कार्डाला बाहेर काढलं, आणि ते परत आलं तेव्हा त्याचा तोरा बराच उतरलेला होता. गंमत म्हणजे त्या रोखीवर मला आणखी थोडे पॉइंट चिकटले. माझी रुपया व्हायची संधी गेली म्हणून रडावं, की वजन वाढलं म्हणून हसावं?

लग्न नीट पार पडलं. घर रिकामं झालं. मग एक दिवस शेठच म्हणाले, "बोल, कुठे जायचं?"

"ते हायवेवरचं हॉटेल नाही का, घोडबंदरच्या अलीकडचं. तुमच्या कार्डाच्याच कंपनीचं आहे."

"अगं, ते घरापासून वीस मिनिटांवर!"

"म्हणून तर. रिक्षात मला लागत नाही."

"लोक काय म्हणतील?"

"सांगू, घरात पेस्ट कंट्रोल केलंय."

मंगळवारी दुपारी रिक्षाने आम्ही पोचलो. काउंटरवर सिया नावाची मुलगी होती, उत्तनची. पत्ता वाचून तिच्या भुवया वर गेल्या. "काकी, मीरा रोडवरून इकडे राहायला? घरी पाणी नाय का आलं?"

"पाणी येतं गं. झोप येत नाही."

सिया हसली. मग तिने मशीनमध्ये बघितलं आणि भल्या मनाने म्हणाली, "सर, खरं सांगू? आज रेट चोवीसशेच आहे. पॉइंटवर रात्रीला दहा हजार कापले जातील. एकदम लॉस आहे. कॅश द्या, पॉइंट ठेवा."

शेठचा हात मला घेऊन काउंटरपर्यंत आला होता. तो तिथेच थांबला. मग वीतभर मागे आला. पावली! पावलीच्याही खाली! वर्षानुवर्षं राखलेला माल असा मातीमोल?

मंदाबाईंनी तो मागे येणारा हात पाहिला. खाली ठेवलेली पिशवी त्यांनी उचलून खांद्याला लावली. भाव पटला नाही म्हणून दुकानाच्या पायरीवरून परत फिरायची त्यांना सवय होती.

शेठनी त्या पिशवीकडे पाहिलं. हिशेब करताना हलतात तसे त्यांचे ओठ हलले. काय मोजलं, मला कळलं नाही. मग त्यांनी मला सियाच्या पुढ्यात ठेवलं.

"दोन रात्री. पॉइंटवर."

"सर, पण कॅशमध्ये..."

"राखले तर मी परत मोजत बसेन, पोरी. काप."

मशीनने टुकटुक केलं आणि मी हलका झालो. इतका हलका, की क्षणभर मी आहे की नाही तेच समजेना.

पहिल्या सकाळी मंदाबाईंना सवयीने पाचलाच जाग आली. त्यांनी अंथरूण घडी केलं, बेसिनवर कप विसळले, टॉवेल झटकून वाळत घातला. मग करायला काही उरलं नाही. खिडकीतून एका बाजूला खाडी आणि दुसऱ्या बाजूला हायवेचे ट्रक दिसत होते. त्या खुर्चीच्या कडेवर बसून म्हणाल्या, "आता काय करायचं असतं हो?"

"मला काय ठाऊक," शेठ म्हणाले. "मी तर सकाळी हॉटेलातून सरळ कामाला जातो."

मग शेठ उठले. टेबलावर किटली होती, चहाच्या पुड्या होत्या. त्यांनी दोन कप केले. साखरेच्या पुड्या हातात घेतल्या आणि थबकले. अठ्ठावीस मापांच्या बिजागऱ्यांचे भाव या माणसाला झोपेत येतात.

"मंदा, साखर किती?"

"मी बिनसाखरेचा पिते. डॉक्टरांनी बंद केली त्याला चार वर्षं झाली."

पुड्यांचं काय करावं शेठना सुचेना, म्हणून त्यांनी त्या खिशात टाकल्या. "घरी होतील," ते पुटपुटले.

"कुणाला?" मंदाबाई म्हणाल्या, आणि पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या, की त्यांच्या कपातला चहा बशीत सांडला. मग शेठही हसले. दुसऱ्या सकाळी पाच वाजून गेले, सहा वाजून गेले, मंदाबाई उठल्या नाहीत. शेठनी फोनचा आवाज बंद करून ठेवला होता.

आता मी शेठच्या पाकिटात नसतो, मंदाबाईंच्या पर्समध्ये असतो, रुमाल आणि गोळ्यांच्या पाकिटाशेजारी. शेठ राजकोटहून फोन करून पॉइंट चढवायला माझा नंबर विचारतात आणि बाई वाचून दाखवतात. थोडे पॉइंट पुन्हा जमलेत. इथे मला कुणी चाचपत नाही. यतीनभाऊ मात्र अजून भेटले की हळहळतात, "चार आण्याच्या खाली फुंकलेत हो!" आणि शेठ मान हलवतात. ती होय म्हणून हलते की नाही म्हणून, ते मला या बाजूने दिसत नाही.

माझं नुकसान झालं की चीज झालं, मला सांगता येणार नाही. चंदनभाईला विचारलं तर एक उत्तर येईल, मंदाबाईंना विचारलं तर दुसरं. तुमच्याही पाकिटात माझा कुणी भाऊबंद पडून असेल. त्याला कधी बाहेर काढावं, हे मला विचारू नका. मीच गोंधळलेला आहे. एवढंच मागणं आहे, की ज्याच्या नावाने तो राखून ठेवलाय त्या माणसाला एकदा विचारून बघा. तो माणूस बहुतेक तारीख सांगायलाच बसलेला असतो.