दोन वर्षं खडकाकडे

मी उतारावरच्या झाडाला बांधलेला कॅमेरा बोलतोय. फोटो काढायला मला माणूस लागत नाही. समोर काही हललं की मी टिपतो. कोण आलं, कशाला आलं, असल्या चौकशा करत नाही. टिपायचं आणि गप्प बसायचं, हा आपला खाक्या.

मला इथे वनरक्षकाने बांधलं. ही जमीन प्राण्यांसाठी राखीव होती. नियम साधा होता: सलग दोन वर्षं कॅमेऱ्यात एकही जंगली जनावर दिसलं नाही, तरच घरं बांधायला परवानगी. म्हणजे सगळी भिस्त माझ्यावर! मला त्याचा थोडा तोराही होता, खोटं कशाला बोलू?

रोज उजाडताना एक अस्वलीण यायची. डावा कान फाटका, पाठीवर दोन पिल्लं. झऱ्याकडे जायची तिची ती एकच वाट. वनरक्षक फोटो बघून हसायचा. "आल्या बाईसाहेब!" म्हणायचा.

पुढे त्याच्या मुलीचं लग्न झालं. एका दुपारी ती नवऱ्याला घेऊन इथे आली. "बाबा, इथे घर झालं ना, तर तुम्हीसुद्धा आमच्यापाशीच राहाल."

 ती दोघं गेल्यावर वनरक्षकाने माझा पट्टा सैल केला आणि माझं तोंड खडकाकडे फिरवलं.

"रागावू नकोस रे," एवढंच म्हणाला. मला राग नाही आला, भीती वाटली.

दोन वर्षं मी खडक पाहिला. माझ्या पाठीमागे सुक्या पाल्यावर अस्वलिणीची पावलं वाजत राहिली. अहवालात 'जनावर आढळले नाही' असं लिहिलं गेलं आणि परवानगी आली. झाडं पडली, घरं उठली. निवृत्त झाल्यावर त्याने मला लेकीच्या परसातल्या खांबावर बांधलं. "चोर तरी बिचकतील," म्हणाला. बॅटरी न चुकता बदलतो, पण फोटो कधी बघत नाही.

अस्वलिणीला मात्र तो परवानगीचा कागद कोणी वाचून दाखवला नव्हता. परवा ती कुंपणापाशी होती, पाठीवर यंदाची नवी पिल्लं. आज पायरीपर्यंत आली.

लेकीने सकाळी विचारलं, "बाबा, पायरीवर हे ओरखडे कसले हो? कॅमेऱ्यात बघा ना."

"कुत्रं असेल गं. इथे जनावर नाही. मीच तर लिहून दिलंय."

ती आत गेल्यावर तो माझ्याजवळ आला. झाकणावर अंगठा ठेवला. उघडून फोटो बघितले असते तर लेकीला सगळंच सांगावं लागलं असतं.  मग त्याने हात खाली घेतला.

उद्यापासून तान्ह्या नातीला कोवळ्या उन्हात बसवायचं ठरलंय. तिची चटई आत्ताच अंथरून ठेवलीय, पायरीपाशी.

आजोबा, मला हाका मारता येत नाहीत. लाज वाटेल, वाटू दे. उद्या उजाडायच्या आत एकदा माझं झाकण उघडून फोटो बघा.