सात किलो दीडशे ग्रॅम

काटेसाहेबांचं आडनाव काटे नव्हतं. वजनमापे खात्यात त्यांनी निरीक्षक म्हणून तेहतीस वर्षं काढली आणि बाजारानेच त्यांना हे नाव बहाल केलं. ते कोपऱ्यावर दिसले की दुकानदार पारड्याखाली चिकटवलेलं मेण घाईघाईने खरवडून टाकायचे. लाच तर सोडाच, कुणाच्या दुकानातला चहासुद्धा ते घेत नसत. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी घरात साखरेची पुडी आली की ती आधी काट्यावर जायची आणि मगच डब्यात.

अकरा वर्षांपूर्वी त्यांनी सख्ख्या धाकट्या भावाच्या किराणा दुकानातला काटा सील केला होता. किलोमागे चाळीस ग्रॅम कमी भरत होते. तपासणीला दुसऱ्या कुणाला पाठवता आलं असतं, पण ते स्वतःच गेले. भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर, भाऊ म्हणाला, "आजपासून तू मला मेलास." वर्षभरात तो दुकान विकून लेकीकडे दुसऱ्या शहरात राहायला गेला. तेव्हापासून ना फोन, ना येणंजाणं.

आणि एका मंगळवारी पुतणीचा फोन आला.

"मोठे काका, बाबांचं हृदयाचं ऑपरेशन झालं. कालच घरी आणलं. तुम्हाला कळवू नकोस म्हणाले, म्हणून कळवतेय."

काटेसाहेबांनी फोन ठेवला, चष्मा पुसला आणि बायकोला म्हणाले, "जायचं."

बायको भांडी घासत होती. तिने मागे वळूनही पाहिलं नाही. "कधी?" एवढंच विचारलं. अकरा वर्षं ती या एका शब्दाची वाट बघत होती. उगीच जास्त बोलून तिला तो हातचा घालवायचा नव्हता.

शनिवारच्या सगळ्यात स्वस्त विमानाची तिकिटं मिळाली. स्वस्त म्हणजे कशी, तर माणूस तेवढा न्यायचा, बाकी सगळ्याला कात्री. माणशी एकच नग, तोही सात किलोंच्या आत, आणि गेटवरच्या लोखंडी चौकटीत चाकांसकट बसला पाहिजे. बायकांची पर्ससुद्धा वेगळा नग धरणार. काटेसाहेबांनी सगळे नियम वहीत उतरवून काढले आणि टेप घेऊन माळ्यावरच्या बॅगा मापल्या. चाकांची एकही बसेना. शेवटी त्यांनी ऑफिसच्या वेळच्या दोन कापडी बॅगा खाली काढल्या.

"पर्स बॅगेत ठेवायची?" बायको म्हणाली. "मग मला रुमाल लागला तर काय भर विमानतळावर संसार मांडून बसू?"

"रुमाल हातात धर. हाताला वजन नाही."

निघायच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी हुकाच्या काट्याला बॅगा टांगल्या. तिची सहा किलो शंभर ग्रॅम, त्यांची सहा किलो सातशे. आकडे वहीत लिहिले आणि निवांत झोपले.

विमानतळावर आतपर्यंत सगळं सुरळीत पार पडलं. गेटपाशी मात्र रांग तुंबली होती. गळ्यात निळा स्कार्फ बांधलेली एक मुलगी प्रत्येकाची बॅग आधी चौकटीत घालायला लावत होती आणि मग जमिनीवरच्या सपाट काट्यावर ठेवायला. पुढच्या चष्मेवाल्या बाई नुकत्याच जास्तीच्या वजनाचा दंड भरून बाजूला झाल्या होत्या. त्यांच्याही पुढे एक माणूस अंगावर तीन शर्ट चढवून घामाघूम उभा होता.

बायकोची बॅग चौकटीत अलगद बसली. काट्यावर सहा किलो सातशे चाळीस भरली.

"चला, पुढे," मुलगी म्हणाली.

काटेसाहेब हलले नाहीत. सहा शंभरची सहा सातशे चाळीस झाली कशी? त्यांनी आपली बॅग ठेवली. सात किलो नऊशे.

"काका, नऊशे ग्रॅम जास्त आहे. दंड भरावा लागेल, नाहीतर सामान काढा."

"जास्त असेल तर दंड भरीन, ताई. आधी रिकामा काटा दाखवा."

मुलीने बॅग खाली उतरवली. आकड्यांच्या जागी शून्य उमटलं. "हे बघा. काटा बरोबर आहे."

"शून्य बरोबर आहे," काटेसाहेब म्हणाले. "शून्याला कुणीही खरं बोलतो. ओझं पडल्यावर काय बोलतो ते बघायचं असतं." ते गुडघ्यावर हात टेकून खाली वाकले आणि काट्याची बाजू न्याहाळू लागले. "याची तपासणी कधी झाली होती? चिठ्ठी आहे, पण तारीख पुसली गेलीय."

मागून कुणीतरी चुकचुकलं. गेट बंद व्हायला पंचवीस मिनिटं उरली होती.

"अहो," बायको हळूच म्हणाली, "भरून टाका ना दंड. विमान चुकलं तर काय घ्या? ह्याच काट्यापायी..." पुढचं वाक्य तिने गिळलं, पण ते काटेसाहेबांपर्यंत पोचलं. त्यांचे कान लाल झाले.

"काट्यापायीच म्हणतोय," ते म्हणाले. "पुढच्या बाईंनी उगीच पैसे भरले असतील तर?"

तेवढ्यात ती मुलगी वैतागून बोलली, "काका, तुमच्यासारखे रोज दहा जण येतात. दंड टाळायला प्रत्येकाला काटाच खोटा वाटतो."

हे मात्र बायकोला लागलं. घरात ती नवऱ्याला दिवसातून चार वेळा हेकट म्हणत असे, पण त्यांना लबाड म्हणायचा हक्क तिने कधी कुणाला दिला नव्हता.

"यांच्यासारखा एकही आला नसेल, बाई," ती म्हणाली. मग नवऱ्याकडे वळली. "काय लागतं तुम्हाला? सांगा."

"एक लिटरच्या पाण्याच्या सहा बाटल्या," काटेसाहेब म्हणाले. "सीलबंद."

समोरच्याच दुकानातून ती सहा बाटल्यांचा गठ्ठा छातीशी धरून आली. साठी उलटलेली बाई, हातातला रुमाल दातात धरलेला. रांगेतल्या माणसांनी आपसूक वाट दिली.

"एक लिटर पाणी म्हणजे एक किलो," काटेसाहेब मोठ्याने म्हणाले, अगदी बाजारात पंचनामा करताना बोलायचे तसे. "बाटल्यांचं प्लास्टिक मिळून दीडशे ग्रॅम धरा. सहा किलो दीडशे भरायला हवं. ठेवा, ताई, तुमच्याच हाताने ठेवा. मी हात लावणार नाही."

मुलीने गठ्ठा ठेवला. सहा किलो आठशे.

चष्मेवाल्या बाई फाटकन म्हणाल्या, "म्हणजे मी भरले ते कशाचे?" आणि रांगेला एकदम कंठ फुटला. मापात पाप, परत द्या पैसे, बोलवा साहेबांना. तीन शर्टवाल्याने दोन शर्ट काढून हातात घेतले.

निळ्या स्कार्फवाल्या मुलीचा चेहरा पांढरा पडला. काटेसाहेब वळून रांगेला म्हणाले, "हिच्यावर ओरडू नका. काटा हिने बनवलेला नाही. हिला जो दिला त्यावर ही तोलतेय." मग मुलीला म्हणाले, "वरिष्ठांना बोलवा आणि शेजारच्या गेटवरचा काटा मागवा. घाबरू नका. चूक सापडली ही चांगली गोष्ट आहे."

सुपरवायझर आला. टापटीप केसांचा, बोलायला गोड. त्याने आधी हसण्यावारी नेऊन पाहिलं, मग बाटल्या स्वतः ठेवून पाहिल्या आणि हसणं थांबवलं. शेजारच्या गेटवरचा काटा आणला. त्यावर गठ्ठा बरोबर सहा किलो दीडशे भरला. चष्मेवाल्या बाईंची बॅग सात किलोंच्या आत निघाली. त्यांचा दंड परत करायचा म्हणून सुपरवायझरने तिथेच कागद लिहून दिला.

"आता तुमची, काका," तो म्हणाला.

काटेसाहेबांनी ताठ मानेने बॅग ठेवली.

सात किलो दीडशे ग्रॅम.

त्यांनी चष्मा वर केला, खाली केला. आकडा तोच. आणि तेव्हा त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. जुना काटा किलोमागे शंभरच्या आसपास जास्त दाखवत होता, म्हणजे सहा सातशेची बॅग त्यावर सात चारशे भरायला हवी होती. ती भरली सात नऊशे. हे गणित त्यांना तेव्हाच सुटायला हवं होतं. रागाच्या भरात तेहतीस वर्षांचा निरीक्षक बेरीज विसरला होता.

त्यांनी बायकोकडे पाहिलं. बायको छताकडे पाहत होती.

"जाऊ द्या हो काका," सुपरवायझर म्हणाला. "दीडशे ग्रॅमचं काय एवढं! तुमचे तर आम्हीच आभार मानायला हवेत."

"काटा खरा आहे," काटेसाहेब म्हणाले. "बॅग जास्त आहे. सात म्हणजे सात."

रांगेतून एक सामूहिक सुस्कारा निघाला. त्यांनी तिथेच खाली बसून चेन उघडली. कपड्यांच्या अगदी वर, वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक विणलेला स्वेटर होता. करड्या रंगाचा, चांगला रुंद.

"हा माझा नाही," ते म्हणाले.

"भाऊजींचा आहे," बायको म्हणाली. "तीन वर्षं झाली विणून. सकाळी घातला बॅगेत. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही आधी त्याचं वजन केलं असतं."

"तीन वर्षं?"

"मला वाटत होतं, आज ना उद्या जायचं म्हणाल."

काटेसाहेब स्वेटर हातात धरून बसून राहिले. शेवटची सूचना झाली, गेट बंद व्हायला पाच मिनिटं. मग त्यांनी शांतपणे आपला जाड कोट बॅगेतून काढून अंगात घातला, स्वेटर नीट घडी करून परत आत ठेवला आणि बॅग काट्यावर ठेवली. सहा किलो तीनशे.

"अंगावरच्या कपड्यांना नियम नाही," ते मुलीला म्हणाले. "मी वाचलंय."

"माहीत आहे, काका," ती म्हणाली, आणि त्या दिवसात पहिल्यांदाच हसली. पाण्याच्या बाटल्या बायकोने रांगेत वाटून टाकल्या.

विमान वीस मिनिटं उशिरा सुटलं. उन्हात तापलेल्या विमानात कोट घालून काटेसाहेब उकडत राहिले, पण तो काढला नाही. मांडीवर हात ठेवून ते मनात काहीतरी पाठ करत होते. बायकोने विचारलं नाही.

पुतणीने दार उघडलं आणि बाजूला झाली. भाऊ खिडकीपाशी खुर्चीत बसला होता. दारात मावत नसे असा माणूस वाळून अर्धा झाला होता. त्याने वहिनीला पाहिलं, मग तिच्या मागे कोटात घामेजलेल्या थोरल्या भावाला.

"बसा, वहिनी," तो म्हणाला. दादाला बस म्हणाला नाही.

काटेसाहेब उभेच राहिले. "तुझा काटा खोटा होता," ते म्हणाले. पुतणीने डोळे मिटून घेतले. "आजही तसा सापडला तर आजही सील करीन. त्याबद्दल माफी मागायला आलेलो नाही. पण त्या दिवशी काम संपल्यावर मी तुझ्या घरी यायला हवं होतं. निरीक्षक येऊन गेला, भाऊ आलाच नाही. ते चुकलं. ते सांगायला आलोय."

भावाने मान खिडकीकडे वळवली.

"हे सांगायला अकरा वर्षं लागली?"

"वीस मिनिटं विमानाची धरा त्यात, भाऊजी," बायको म्हणाली. "तीही ह्यांच्यामुळेच."

भावाचे ओठ हलले. हसला म्हणावं असं काही नव्हतं. पण त्याने पायाने समोरचं स्टूल पुढे सरकवलं. "कोट तरी काढ, दादा. भट्टीतून काढल्यासारखा दिसतोयस."

चहा झाला. बायकोने स्वेटर दिला, भावाने तो मांडीवर घेतला आणि तसाच धरून बसला. संध्याकाळी पुतणी तक्रार करू लागली. डॉक्टरांनी गॅलरीत रोज दहा फेऱ्या सांगितल्यात आणि बाबा चार मारून बसतात.

काटेसाहेब उठले. "चल."

"मी चार मारल्या सकाळी."

"सकाळच्या सकाळी गेल्या. ऊठ."

भावाने खुर्चीच्या हातावर जोर दिला, पुतणी पुढे सरसावली, पण काटेसाहेबांनी आधीच त्याच्या काखेत हात घातला होता. दोघे गॅलरीत गेले. अरुंद गॅलरी, दोन माणसं जेमतेम शेजारी मावतील अशी. एका टोकाला वाळत घातलेले टॉवेल, दुसऱ्या टोकाला कुंड्या. पाचव्या फेरीला भावाला धाप लागली. सहावी संपवून तो कठड्याला धरून थांबला.

"पुरे आता."

"दहा सांगितल्यात."

"तू अजिबात सुधारला नाहीस, दादा."

"श्वास घे. घाई नाही. उभा राहा हवा तेवढा वेळ."

भाऊ उभा राहिला. खाली रस्त्यावर मुलं सायकली फिरवत होती. थोड्या वेळाने त्याने कठडा सोडला, दादाचा दंड धरला आणि पाऊल पुढे टाकलं.

"सात," काटेसाहेब म्हणाले.