नऊ सेकंदांचं पान

मंगळवारी दुपारी मी लिफ्टच्या खड्ड्यात उतरून तपासणी करत होतो. खाली रेंज नसते. वर आलो तेव्हा फोनवर अकरा मिस्ड कॉल होते आणि बायको जाऊन चाळीस मिनिटं झाली होती.

गेलेल्या माणसांची पानं ठेवणारी एक वेबसाइट आहे. तिथे भाचीने बायकोचं पान करून दिलं. कामावरून आलो की मी ते उघडायचो. उघडायला वेळ लागायचा, पडद्यावर चक्र फिरत राहायचं. मला कुठे घाई होती.

मग शेजारीण मला सभागृहात घेऊन गेली; तिचा भाऊ गेल्यापासून ती तिथे जायची. दोनशे माणसं, प्रत्येकाच्या हातात फोन, आणि व्यासपीठावर गुरुजी.

"आत्मा तृप्त असेल तर पान पापणी लवायच्या आत उघडतं," गुरुजी म्हणाले.

मोठ्या पडद्यावर त्यांनी एका गायिकेचं पान उघडलं. झटकन उघडलं. लोकांनी हात जोडले. एका नटाचंही तसंच. मग माझी पाळी आली, बायकोचं पान. चक्र फिरत राहिलं. नऊ सेकंद.

"अडकलीय," गुरुजी हळू आवाजात म्हणाले. "शेवटी कुणाची वाट बघत होती का?"

ते अकरा मिस्ड कॉल आठवून मी होकारार्थी मान हलवली.

"तिची प्रत्येक वस्तू घराबाहेर काढा, म्हणजे सुटेल. सामान न्यायला रविवारी आमची गाडी येईल."

तीन दिवस संध्याकाळी मी खोकी भरली. कपडे, चष्मा, शिलाई मशीन. चौथ्या दिवशी भाची आली आणि दारातच थबकली.

"मामा, हे काय चाललंय?"

मी सांगितलं. वेबसाइटांचा वेग तपासणं हीच तिची नोकरी. ती हसली नाही.

"तुम्ही दोन मजले बघून लिफ्टचा रिपोर्ट लिहिता का?"

"नाही. सगळे मजले बघतो."

"मग गुरुजींनी दोन पानं दाखवली आणि तुम्ही मानलंत?"

मी स्टॉपवॉच काढलं. आम्ही तीस पानं उघडली. प्रत्येक पानाच्या तळाशी भेटींचा आकडा असतो, तोही वेळेशेजारी लिहिला. एका कंत्राटदाराचा पूल पडला होता. लोक अजून त्याला शिव्या द्यायला त्याच्या पानावर जातात. ते पान अर्ध्या सेकंदात उघडलं.

"हा बरा तृप्त झाला," भाची म्हणाली. कित्येक दिवसांनी मला हसू आलं.

मग तिने समजावलं. "लोक जी पानं सारखी मागतात, ती वेबसाइटचं यंत्र हाताशी तयार ठेवतं. जिकडे कुणी फिरकत नाही, ती दर वेळी कोठारातून काढून नव्याने जुळवावी लागतात."

एवढं मला कळतं. तळमजल्यावर लिफ्ट उभीच असते. शेवटच्या मजल्यावर एकच माणूस राहत असेल, तर त्याला बटण दाबून थांबावं लागतं.

बायकोच्या पानाखाली आकडा होता एकसष्ट. ते जवळपास सगळे मीच.

"म्हणजे अडकलेली नाही ती?"

"नाही मामा. मामीच्या पानावर कुणी येत नाही, एवढंच." बोलून गेल्यावर तिने माझा हात धरला.

शनिवारी आम्ही सभागृहात गेलो. भाचीने उठून एका माणसाचं नाव सांगितलं. त्याचं पान पडद्यावर यायला आठ सेकंद लागले.

"फार क्लेशात आहे बिचारा," गुरुजी म्हणाले.

"आता सगळ्यांनी आपापल्या फोनवर उघडा. पुन्हा पुन्हा उघडा," भाची म्हणाली. लोकांनी उघडलं. नंतर मोठ्या पडद्यावर तेच पान झटकन आलं.

"बघा, तुमच्या प्रार्थनेने सुटला," गुरुजी म्हणाले.

"कोण सुटला?"

"हाच आत्मा."

"हा माणूस जन्मलाच नाही, गुरुजी. काल चहा पिताना मला नाव सुचलं, पानही मीच केलं."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. मग यंत्र पानं कशी हाताशी ठेवतं ते भाचीने सगळ्यांना सांगितलं. शेजारीण उभी राहिली. "मग माझ्या भावाचं सामान परत आणून द्या," ती म्हणाली. तिच्यामागे आणखी काहीजण उठले.

रविवारी गाडी आली, ती मी दारातूनच परत पाठवली.

कुणी चमत्कार दाखवला तर वेळ मोजा, आणि त्याने न दाखवलेली पानंही उघडून बघा. दुःखात माणूस मोजायचं विसरतो आणि त्यावरच असल्यांचं दुकान चालतं. मी तर मोजण्यावर पोट भरणारा, तरी विसरलो.

खोकी रिकामी करून सगळं जागच्या जागी ठेवलं. पान अजून नऊ सेकंदांनीच उघडतं. तिच्या बहिणीला आणि शाळेतल्या मैत्रिणींना त्याचा पत्ता पाठवायचा आहे. तो अजून पाठवलेला नाही. सगळ्यांनी उघडलं की हे नऊ सेकंद उरणार नाहीत.