कोल्डवेल क्लबचा अंपायर

चेंडू कुणी न मारताच हळूहळू घरंगळत गोलाकडे आला. वारा नव्हता.

"मैदान आणखी कललंय," ओबडाया क्रॉदर म्हणाला.

"कलू द्या की, सासरेबुवा," गोलात उभा असलेला त्याचा जावई सेथ म्हणाला. "पाहुण्यांना माहीत नाही, म्हणून तर आपण जिंकतो."

कोल्डवेल फुटबॉल क्लबला नुकतंच दुसरं वर्ष लागलं होतं. क्लबातले गडी आठवडाभर जमिनीखाली कोळसा खणत आणि शनिवारी दुपारी वर येऊन त्याच जमिनीवर उड्या मारत. मैदान खाणमालकांनी फुकट दिलं होतं. खालचा कोळसा तेवढा स्वतःकडे ठेवला होता. मालकांचं मन मोठं, असं पाद्रीसाहेब नेहमी म्हणत.

ओबडाया खाणीतल्या टेकूंवर देखरेख करी. आदल्या दिवशी गोलाच्या बरोबर खाली खाणीतले टेकू वाकलेले दिसले, तेव्हा त्याने मॅनेजर फेअरबँक यांना सांगितलं होतं. क्लबचे कप्तानही तेच.

"सोमवारी बघू," ते म्हणाले होते. "उद्या चषकाचा सामना आहे."

त्या काळी दोन्ही संघ आपापला अंपायर आणत, आणि खेळाडूंनी दाद मागितल्याखेरीज अंपायरने तोंड उघडायचं नाही असा दंडक होता. ओबडायाला हे काम जमे. घरीही त्याला तेवढाच अधिकार होता.

सामना सुरू झाला. कोल्डवेलने एक गोल चढवला. ओबडायाचं लक्ष मात्र सेथच्या डोक्यावर होतं. आडव्या दांड्याऐवजी गोलाच्या दोन खांबांना ताणून बांधलेली फीत मधोमध झुकली होती. खांब एकमेकांकडे सरकले असतील, नाहीतर नुसती गाठ सैल झाली असेल. त्याला खात्री नव्हती. फीत आणखी झुकली.

कुणी काही विचारलं नव्हतं. ओबडाया मैदानात शिरला.

"सेथ, बाहेर ये."

"डोकंबिकं फिरलंय का तुमचं?"

"माझी पोर पोटुशी आहे. बाहेर ये म्हणतो ना."

त्याने जावयाला गचांडी धरून ओढत बाहेर आणलं. पाहुण्यांनी रिकाम्या गोलात चेंडू निवांत चालत नेला, आणि मग रीतसर दाद मागितली.

"गोल," ओबडाया म्हणाला.

सेथला त्याने परत आत जाऊ दिलं नाही. तसे आणखी तीन गोल झाले. चारही त्याने मान्य केले.

फेअरबँकांनी कप्तानपद सोडलं, मालकांनी मैदान काढून घेतलं, आणि वसंतात क्लब मोडला. मैदान काही खचलं नाही. अजून तरी.

दर रविवारी सेथ सासऱ्याकडे जेवायला येई. पाठ फिरवून बसे आणि दोन माणसांचं मटण एकटा संपवी. ओबडाया ते बघत राही. त्याचं स्वतःचं ताट गार होऊन जाई.