सोमवारची गाडी

अलोइसने धुण्याच्या हंड्यावरचं झाकण काढून भिंतीला टेकवलं आणि लांब दांड्याचा डाव पाण्यात बुडवला. पाणी खळखळत होतं. समोर स्टुलावर त्याचा मुलगा एमे डावा पाय पुढे करून बसला होता. पायात लोकरीचा मोजा होता. एकोणीस वर्षांचा पोरगा, स्टुलाच्या कडा घट्ट धरून छताकडे बघत होता.

डाव वर आला आणि निम्मं पाणी चुलीवरच सांडलं.

"बाबा, लवकर करा."

"मोजा काढू नकोस," अलोइस म्हणाला. सकाळपासून हे तो चौथ्यांदा सांगत होता. "उघड्या पायावर पाणी सांडलं की मुद्दाम केलंय हे फौजी डॉक्टरला लगेच कळतं. मग थेट गोळी."

"नाही काढत."

अलोइसने पुन्हा डाव भरला. तसाच हंड्यात सोडून दिला.

"माझ्याच्याने होत नाही," तो बायकोला म्हणाला.

त्याला रशिया ठाऊक होता. सीमेवरचा त्यांचा अल्सास प्रांत जर्मनीत होता तेव्हा, मागच्या महायुद्धात, कैसरच्या फौजेतून तो तिकडे लढून आला होता. परतला तेव्हा गाव फ्रान्सचं झालं होतं. वीस-बावीस वर्षांनी जर्मन पुन्हा आले. एमेचं नाव त्यांनी कागदावर आमाडेउस करून टाकलं, आणि त्याच नावाने त्याला फौजेत ओढून रशियाच्या आघाडीवर धाडलं. आता चौदा दिवसांची रजा संपत आली होती. सोमवारी परतीची गाडी होती. डोंगर ओलांडून सीमेपलीकडे पळावं, तर वरच्या आळीतल्या बिटश कुटुंबाचं उदाहरण समोर होतं. त्यांचा एक मुलगा पळाला, आणि आठवडाभरात म्हातारीसकट सगळं घर गाडीत कोंबून नेलं होतं.

"तू बाहेर जा," सालोमे नवऱ्याला म्हणाली. "लाकडं फोड."

तो गेल्यावर तिने बाह्या सारल्या. आधी स्वतःच्या मनगटावर थोडं पाणी ओतलं. ओठ दाताखाली धरून ती क्षणभर तशीच उभी राहिली. मग डाव भरून घेतला.

"ओरड हं," ती एमेला म्हणाली. "दाबून ठेवू नकोस. गल्लीत ऐकू गेलं पाहिजे."

तिने पाणी ओतलं, आणि गल्लीत ऐकू गेलं.

सगळ्यात आधी शेजारची फिलोमेन धावत आली. हाताला पीठ तसंच होतं. तिचा ल्युसिएं आणि एमे एकाच आठवड्यात जन्मलेले, एकाच तुकडीत भरती झालेले. रजाही दोघांना एकदमच मिळाली होती. तिने काही न विचारता गुडघे टेकले आणि कात्रीने मोजा कापला. मोज्याबरोबर कातडी निघाली. एमेचा आवाज बसला होता. तिने जखमेवर जवसाचं तेल सोडलं, स्वच्छ फडकं सैलसर गुंडाळलं. तेव्हा कुठे वर पाहिलं.

"झालं काय गं?"

"हंडा उलटला. उतरवायला गेले, हात सटकला."

फिलोमेनने चुलीकडे पाहिलं. भिंतीला टेकवलेल्या झाकणाकडे पाहिलं. फरशीवर परातीएवढी ओल होती.

"सालोमे," ती हळूच म्हणाली, "उलटलेला हंडा चुलीवर कसा?"

बाहेर कुऱ्हाडीचा आवाज थांबला.

फिलोमेन उठली. एप्रनमध्ये हंड्याचा एक कान धरला आणि पाय मागे घेत जोरात ओढला. पाणी, चादरी, वाफ, सगळं दारापर्यंत गेलं. मग झाकण उचलून तिने कोपऱ्यात भिरकावलं.

"आता बोलवा डॉक्टरला," ती म्हणाली.

डॉक्टर रविवारी सकाळी आला, बरोबर एक शिपाई. त्याने फडकं सोडून पाय उजेडात फिरवून पाहिला, सालोमेचं मनगट पाहिलं, हंडा उचलून त्याचं वजन पाहिलं.

"कोणी पाहिलं हे?"

"मी," फिलोमेन म्हणाली. "पीठ कमी पडलं म्हणून मागायला आले होते, साहेब. दारातच होते. माझ्या पायावर यायचं ते त्याच्यावर गेलं."

"तुमचा मुलगा आहे फौजेत?"

"आहे ना. याच्याच तुकडीत. उद्याच्या गाडीने जातोय."

डॉक्टर तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने मांडीवर कागद घेतला आणि अपघात असं लिहून सही केली.

सोमवारी निघताना ल्युसिएं एमेच्या खाटेशी आला.

"मजा आहे लेका तुझी," तो म्हणाला. "तुझ्या आईच्या हातून हंडा तरी पडतो. आमच्या आईच्या हातून कधी चमचा पडत नाही."

एमे हसला. फिलोमेन मुलाची पिशवी धरून दारात उभी होती. ती हसली नाही.

जुलैत जर्मनांच्या सत्ताधारी पक्षाचा माणूस कागद घेऊन फिलोमेनच्या दारी आला. ल्युसिएंचं नाव लुत्सियान असं घातलेल्या त्या कागदावर तो महान जर्मनीसाठी धारातीर्थी पडल्याचं लिहिलं होतं.

तीन दिवस सालोमेला तिच्या घरी जायचा धीर झाला नाही. चौथ्या दिवशी गेली. फिलोमेन चेरीतल्या बिया काढत होती. सालोमे समोर बसली. दुसरी सुरी घेऊन तीही बिया काढू लागली.

"चालतो का एमे?"

"काठी घेऊन. लंगडतो. दोन बोटं गेली."

"बरं."

सालोमेने आणखी एक चेरी चिरली.

"मला शिव्या तरी दे," सालोमे म्हणाली.

"तुला कशाला?" फिलोमेनने मान वर केली नाही. "त्या रविवारी डॉक्टर गेल्यावर ल्युसिएंने आपल्या हाताने पाणी ठेवलं होतं चुलीवर. म्हणाला, आई, माझाही पाय. मीच विस्तव विझवला."

सालोमेची सुरी थांबली.

"एका गल्लीतली, एका तुकडीतली दोन पोरं, एकाच आठवड्यात भाजलेली. डॉक्टर परत आला असता गं. मग तुझंही घर गेलं असतं, माझंही."

"त्याला पटलं?"

"नाही," फिलोमेन म्हणाली. "पण गेला."

गल्लीतल्या दगडांवर काठीचा आवाज येऊ लागला. पायरीपाशी येऊन तो थांबला. वर यावं की नाही, हे बाहेरच्या माणसाला ठरवता येत नसावं.

"त्याला यातलं काही सांगू नकोस," फिलोमेन म्हणाली.

सालोमेने मान हलवली.

फिलोमेनने हात पुसले, उठून खुर्ची ओढली आणि दार उघडलं.

"ये बाळ," ती म्हणाली. "पायरी सांभाळ."