पळसरंगी उजेड

फाल्गुन उतरणीला लागला होता. पानगळीने उघड्या पडलेल्या माळावर पळस पेटला होता. निष्पर्ण, निर्गंध, निर्भय. अंगावर पान नाही, पायाशी सावली नाही, आणि तरी रंगाचा केवढा तो माज! विदर्भातल्या त्या उन्हाने भाजलेल्या गावाच्या चारी अंगांना केशरकल्लोळ उसळत होता. आणि रोज संध्याकाळी, बरोबर साडेसहाच्या ठोक्याला, त्या गावची वीज जात होती.

भारनियमन म्हणायचे त्याला. साडेसहा ते साडेआठ. शब्द मोठा भारदस्त, अंधार मात्र साधाच. माणसे पुठ्ठ्याने वारा घेत ओट्यावर बसत आणि सरकारला शिव्या देत. सगळ्या गावात या दोन तासांची आतुरतेने वाट पाहणारा माणूस एकच होता.

पुरुषोत्तमराव डाखोरे. फोटोवाले. उजेडावर पोट भरणारा माणूस. चाळीस वर्षे त्यांनी माणसांच्या चेहऱ्यांवर उजेड शिंपला होता. काळ्यावर थोडा जास्त, गोऱ्यावर थोडा बेताने, म्हाताऱ्यांच्या सुरकुत्यांवर तर अगदी हलक्या हाताने. कुठल्याही चेहऱ्याला त्यांनी कधी कुरूप म्हटले नाही. उजेड चुकला म्हणायचे, चेहरा नव्हे.

त्यांची एकुलती एक लेक प्रणिता. सव्वीस वर्षांची, सावळी, सतेज, विपुलकुंतला. बाराव्या वर्षी तिच्या डाव्या कानाखाली तांदळाच्या दाण्याएवढा पांढरा ठिपका उमटला. दाण्याचे पान झाले, पानाची फांदी झाली, आणि कानापासून हनुवटीपर्यंतचा सगळा गाल पांढराशुभ्र पडला. कोड. दोन अक्षरांचा शब्द. पण तो उच्चारताना बायका आवाज खाली आणत, आणि मग तो जास्तच ऐकू येई.

तेव्हापासून माणसे बोलत प्रणिताशी आणि पाहत तिच्या गालाकडे. शाळेतल्या बाई तशाच, बांगड्या भरणारा कासार तसाच, देवळातला पुजारीही तसाच. सरळ तिच्या डोळ्यांत पाहणारे माणूस जगात एकच उरले होते, ते म्हणजे तिचा बाप. दर पाडव्याला ते तिला कॅमेऱ्यासमोर बसवत. "सरळ बस. मान वळवू नको. माह्याकडं पाह्य." चौदा पाडवे, चौदा फोटो, चौदाही समोरून. त्या एका नजरेवर प्रणिता जगत होती. जग काही का म्हणेना, बापाच्या डोळ्यांत ती अखंड होती, आणि तेवढे तिला पुरत होते.

त्या फाल्गुनात पुरुषोत्तमराव एका संध्याकाळी तीन सेलची बॅटरी घेऊन आले. "भारनियमनात फोटो काढायचे, तं बॅटरीच्या उजेडाले वळण लावा लागते," ते म्हणाले. "बस समोर."

ती बसली. बॅटरी लागली. तो उजेड पोलिसासारखा होता. अंगावर धावून येणारा, उलटतपासणी घेणारा. मधोमध पांढराफटक गोळा, भोवती काळी कडी, आणि त्या गोळ्यात तो गाल नको इतका स्पष्ट. पुरुषोत्तमरावांनी बॅटरी झटकन विझवली. "लय टोचते हा," एवढेच बोलले.

मग सुरू झाला एक खेळ. काय सुखाचे दिवस होते ते! घरातली प्रत्येक अर्धपारदर्शक वस्तू बॅटरीच्या तोंडाला बांधून पाहायची, रबर ताणून बसवायचा, आणि प्रणिताने समोर बसायचे. दुधाची पिशवी धुऊन लावली. उजेड मऊ झाला, पण थंडगार, आणि पिशवीवरच्या गाईचे निळे शिंग तिच्या कपाळावर उमटले. बाप-लेक पोट धरधरून हसली. लग्नपत्रिकेतला बटर पेपर लावला. गोळा विरघळला, कडी पुसली गेली, कडा निवल्या. हा मात्र कामाचा, म्हणून ठेवून दिला. पण पांढरे ते पांढरेच राहिले.

रंग हवा होता. पतंगाचा लाल ताव लावला, तर पोरगी होळीसमोर बसल्यासारखी दिसली. मिठाईच्या पुड्यावरचा पिवळा जिलेटीन कागद लावला, तर तिची आई कांताबाईच स्वयंपाकघरातून ओरडली, "पोरीले कावीळ झाली का वं माय!" एकदा तर कांद्याची साले सांधून लावली. त्या दिवशी कांताबाईंनी दोघांनाही भाजीविना जेवायला वाढले.

शेवटी युक्ती सुचली ती प्रणितालाच. माळावर जाऊन तिने ओटीभर पळसफुले आणली. उकळली. तुरटी टाकली. आजोबांच्या जुन्या धोतराचा मलमली तुकडा त्या केशरी पाण्यात रात्रभर भिजवला, सावलीत वाळवला, आणि एकही सुरकुती राहू नये म्हणून तांब्यात निखारे घालून त्यावरून फिरवला. खाली बटर पेपर, वर ते पळसवस्त्र. "आता लावा बाबा," ती म्हणाली. फुकटातला रंग, फुकटातले कापड, आणि तिच्या चेहऱ्यावर जग जिंकल्याचा आनंद.

बॅटरी लागली, आणि खोलीत एक संध्याकाळ उगवली. केशरी, कोमल, काठ नसलेली. त्या उजेडात सावळे सावळे राहिले नाही आणि पांढरे पांढरे राहिले नाही; दोन्ही गालांवर एकच रंग पसरला. कानापासून हनुवटीपर्यंतची ती सीमारेषा, चौदा वर्षांची, हळूहळू विरली आणि नाहीशी झाली.  पुरुषोत्तमरावांचे डोळे भरून आले.

"एवढा चांगला उजेड जमला?" प्रणिताने विचारले.

"व्हय," ते म्हणाले. "जमला."

उजेड चांगला जमला म्हणूनच बाप रडतो आहे, असे त्या भोळीला वाटले. तिने आरसा मागितला नाही. तिला आरशाची सवयच नव्हती.

त्या रात्री कांताबाईंनी नवऱ्याला गाठले. त्यांना सगळे ठाऊक होते. दारव्ह्याहून स्थळ आले होते. मुलगा तलाठी, घर चांगले. पाठवलेल्या फोटोत प्रणिताची फक्त उजवी बाजू होती. आणि पाहुण्यांना वेळ दिली होती संध्याकाळी सातची.

"सांगून टाका नं त्यायले," कांताबाई म्हणाल्या.

"झाकली मूठ सव्वा लाखाची. एकदा पोरीशी बोलू तं द्या. तिचा आवाज ऐकू द्या, तिची हुशारी कळू द्या. मंग सांगू नं. आधी गाल पाहिला का माणूस पुढं पाहातच नाही."

"कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राह्यते का?"

पुरुषोत्तमरावांनी बॅटरीवरचा रबर पुन्हा ताणून बसवला. त्यांच्या मनात कपट नव्हते. माया होती, आंधळी माया. आणि आंधळ्या मायेच्या हाती उजेड आला, म्हणजे काय होणार?

पाहुणे आले. साडेसहा वाजून गेले होते. स्टुडिओच्या पुढच्या खोलीत सतरंजी अंथरली होती. कंदील पुरुषोत्तमरावांनी पेटवूच दिला नव्हता. कोपऱ्यातल्या तिपाईवर ते स्वतः बॅटरी धरून बसले होते. मुलगा, त्याची आई, त्याचे मामा. त्या केशरी, कनवाळू, कारस्थानी उजेडात सगळेच सुंदर दिसत होते, अगदी मामांचे पडलेले दातसुद्धा.

प्रणिता सरबताचा ट्रे घेऊन आली. आईने पाहुण्यांना सगळे सांगितले असणार, असेच ती धरून चालली होती. मुलाने तिला काय वाचता म्हणून विचारले. विचारताना त्याने तिच्या डोळ्यांत पाहिले, गालाकडे नाही.  चौदा वर्षांत बापाखेरीज पहिल्यांदाच कुणीतरी! ती उत्तर द्यायला लागली. आवाज खुलला, हात हलले, हसू फुटले. आणि बोलता बोलता तिची नजर समोरच्या भिंतीवर गेली. गिऱ्हाईकांनी भांग पाडायला लावलेला आरसा होता तिथे.

आरशात एक मुलगी बसली होती. एकवर्णा, अकलंकिता, अनोळखी. क्षणभर, फक्त क्षणभर, प्रणिता हरखली. हे आपण! आपण अशा दिसलो असतो! मग आरशातच तिला उजेड कुठून येतोय ते दिसले. तिपाई. बाप. बापाच्या हातातली बॅटरी. बॅटरीच्या तोंडावर आपण उकळलेली फुले, आपण रंगवलेला तुकडा, आपणच इतक्या हौसेने तांब्या फिरवून केलेली इस्त्री. 

ती उठली. बापासमोर जाऊन उभी राहिली. रबर ओढला, कापड काढले, खालचा कागद काढला. आणि तो नागडा, टोचरा, खरा उजेड तिने स्वतःच्या डाव्या गालावर धरला.

"हे असं आहे," ती पाहुण्यांना म्हणाली. "पाहून घ्या."

"माय वं!" मुलाची आई पुटपुटली. मामांनी सरबताचा पेला अर्धाच खाली ठेवला. "बरं, निघतो आता," ते म्हणाले. "कळवतो." कळवतो म्हणजे काय, हे महाराष्ट्रातल्या कुठल्याही मुलीला वेगळे सांगावे लागत नाही. मुलगा उंबऱ्याशी थबकला; काही बोलेल असे वाटले. पण त्याने वाकून चपला घातल्या आणि तो मामांच्या मागोमाग गेला.

त्याचे तिला दुःख नव्हते. खरेच नव्हते. असे किती आले, किती गेले.

अंधाऱ्या खोलीत बाप-लेक उरली. बॅटरी जमिनीवर ठेवलेली, भिंतीवर पांढरा गोळा.  मग पुरुषोत्तमरावांचे शब्द आले. साधे, सच्चे, चाळीस वर्षांच्या नजरेची शपथ घ्यावी असे.

"मले तं तो डाग कधी दिसलाच नाही, बेटा."

प्रणिता ओरडली नाही. रडली नाही. फार हळू, फार मऊ आवाजात तिने विचारले,

"दिसलाच नाही, तं झाकला काहून, बाबा?"

 आतल्या दाराशी कांताबाईंनी पदर तोंडाशी नेला. आळीत कुणाचे तरी मूल भुकेने कुरकुरत होते. 

तेवढ्यात साडेआठ झाले.

"आली! आली!" आळीभर गलका उसळला. घराघरांत दिवे पेटले, पंखे फिरले, रेडिओ गाऊ लागले, पोरे टाळ्या पिटत रस्त्यावर धावली. डाखोऱ्यांच्या खोलीतली ट्यूब दोनदा लुकलुकली आणि लख्ख लागली. कानाकोपऱ्यात उजेडच उजेड झाला. त्या उजेडात प्रणिता सरळ उभी होती, मान न वळवता, बापाकडे पाहत. आणि बाप खाली पाहत होता. ती वाट पाहत राहिली, आणि तो खालीच पाहत राहिला.